भोंगा, जीन आणि मे महिना

१० मार्च १९३८. पहाट.

पुन्हा भोंगा. लालचंद सेठांच्या जिनिंग फॅक्टरीचा, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या जीनचा. झोप मोडली असे म्हणणार नाही, मी त्याआधीच उठलेली असते. पण उठलेल्या माणसाला उठवणे हा जास्त मोठा अपमान आहे.

म्युनिसिपालिटीला अर्ज लिहिला. दर वर्षी मार्चात लिहिते. उत्तर येत नाही, पण महिन्याभरात भोंगा बंद होतो. स्पष्ट भाषेचा परिणाम. दिवाळीनंतर लोकांना विसर पडतो आणि पुन्हा सुरू करतात, ती गोष्ट वेगळी.

भिकुबाई अजून उगवलेली नाही. ही मोलकरीण दर दिवाळीला जाते ती उन्हाळ्यात परत येते. विचारले तर कामावर होते म्हणते. माझ्या घरी नसताना हिला कसले काम?

१४ मार्च

पुण्याहून प्रोफेसर बिवलकरांचा होकार आला. योजना माझी आहे हे इथे नोंदवून ठेवते. कॉलेजने विद्यार्थिनी पाठवायची, कारखान्याने दार उघडायचे, आमच्या भगिनी समाजाने मार्गदर्शन करायचे. म्हणजे मी करायचे. विषय: जीनमध्ये काम करणाऱ्या बायका आणि त्यांची तान्ही मुले. रिपोर्ट चांगला झाला की त्याच्या जोरावर सेठांकडून जीनमध्ये पाळणाघर मागता येईल.

प्रोफेसर लिहितात की, तुम्ही जळगावात इतकी वर्षे आहात, तेव्हा काम जोरात असेल असा महिना तुम्हीच ठरवा.

मे ठरवला. कॉलेजला सुटी, माझ्या शाळेलाही सुटी म्हणून मला सवड, आणि मेमध्ये भोंगाही नसतो. शांतपणे संशोधन होईल.

१९ मार्च

लालचंद सेठांची भेट. बोलणी अवघड जातील म्हणून मुद्दे पाठ केले होते. गरज पडली नाही. मे म्हणताच ते हसले. मेमध्ये खुशाल या बाईसाहेब, बठ्ठी जीन, सगळीच्या सगळी, आपलीच समजा, हवे तिथे बसा, हवे तिथे फिरा, कोणी अडवणार नाही.

इतर कारखानदार मालकपणा गाजवतात असे ऐकते. माझ्यासमोर कोणी गाजवत नाही. सत्तावीस साली बी. ए. झालेल्या आजच्या मुलींना हे जमायचे नाही. मी १९११ ची.

९ एप्रिल

भोंगा बंद. विजय.

भिकुबाईही हजर झाली. खोकत होती. तिला म्हटले, सहा महिने गावी बसून खायचे आणि खोकला घेऊन यायचे. ती हसली. ह्या बायकांना लाज नाही.

३० एप्रिल

उद्यापरवा विद्यार्थिनी येते. नाव कुसुमलता. धुळ्याच्या हीरालाल सेठांची मुलगी. त्यांच्या समाजातली कॉलेजात गेलेली पहिली. निबंध उत्तम ठरला तर कॉलेजची संशोधन-वृत्ती मिळून एम. ए. करता येईल. नाहीतर चोपड्याचे स्थळ तयार आहे. वडिलांनी तसे स्पष्ट सांगितले आहे म्हणे.

म्हणजे मुलीचे आयुष्य माझ्या हाती आहे. योग्य हाती आहे.

संकल्प: १. रोज पहाटे वाचन. २. सकाळी जीन. ३. दुपारी टिपणे, गप्पा नाहीत. ४. मी चिडणार नाही.

प्रश्नावली तयार केली. ती लांब झाली आहे, पण कामकरी बायकांना सवय आहे.

२ मे

कुसुमलता चाळीसगावला गाडी बदलून आली. अंगाने बारीक, आवाज हळू, चष्मा. येताच पाया पडली आणि विचारले की, बाई, मेमध्ये सगळ्या जीन बंद असतात ना? धुळ्याला तर असतात.

संशोधनाची पहिली अट म्हणजे घरून आणलेल्या समजुती दाराबाहेर ठेवणे, हे मी तिला समजावले. ती म्हणाली की, आपण पत्रात मे लिहिलेत म्हणून मला वाटले ही जीन वेगळी असेल.

मुलगी नम्र आहे. मात्र ऐकीव माहितीवर फार विश्वास.

३ मे

सकाळी जीन. फाटक बंद. पहारेकरी झिपरू बारदानावर झोपलेला. उठवले. तो म्हणाला, "कोनी नही शे, बाई." एवढे बोलून पुन्हा झोपला.

कसला तरी सण असावा. ह्या लोकांचे सण मोजता येत नाहीत.

४ मे

आजही सण. आत डोकावून पाहिले. यंत्रे उघडून ठेवली आहेत, एक मिस्त्री त्यांना तेल घालतो आहे. कापसाचा पत्ता नाही.  कुसुमलतेची न बोलण्याची जी पद्धत आहे ती मला आवडत नाही.

५ मे. दुपार.

आता उलगडले. संप आहे.

मालक हसतमुख, फाटक बंद, कामकरी बायका गायब: दुसरा अर्थ संभवत नाही. मुंबईच्या गिरण्यांचे वारे जळगावला लागले. कुसुमलतेला म्हटले, तुझे भाग्य थोर, तुला संपाचा अभ्यास करायला मिळतो आहे. ती म्हणाली की, बाई, संप असता तर कोणीतरी ओरडत असते.

भगिनी समाजाची तातडीची सभा बोलावली. मी, कुसुमलता आणि कमलबाई एवढ्याच हजर. बाकीच्यांनी निरोप पाठवला की बिबडे घालायचे आहेत. ज्वारीच्या पापडांसाठी देशकार्य थांबते. कमलबाईही मधेच उठल्या, त्यांच्या गच्चीवर गाय चढण्याचा संभव होता म्हणे. गच्चीवर गाय. तरी मध्यस्थी करण्याचा ठराव एकमताने पास झाला.

६ मे

मध्यस्थीसाठी सेठांकडे. त्यांनी ठराव ऐकून घेतला. मग पाणी मागवले. माझ्यासाठी.

त्यांचे म्हणणे असे. जीन दिवाळीनंतर सुरू होते आणि चैत्रात कापूस संपला की बंद होते. त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून हेच. सगळ्या खानदेशात हेच. बायका केळीच्या बागांत नाहीतर गावी जातात. मी मे म्हटल्यावर त्यांना वाटले, मुलीला रिकामी यंत्रे पाहायची असतील.

वर म्हणतात, "बाईसाहेब, चालू जीनमध्ये मी कोणाला बायांशी बोलू दिलं असतं का? मे म्हटलंत म्हणून तर हो म्हणालो."

मग भोंगा बंद झाला तो माझ्या अर्जामुळे नव्हे का, असे विचारले. कोणता अर्ज, असे त्यांनी विचारले.

म्युनिसिपालिटीने अर्ज त्यांना दाखवलेला नाही, एवढाच याचा अर्थ.

सेठांनी मला मार्चातच सांगायला हवे होते. फार बेजबाबदार.

७ मे

कुसुमलतेने शांतपणे मांडणी केली. वृत्तीच्या नियमांत सोय आहे. कारखाना बंद असल्यामुळे काम अडले तर निबंधाची मुदत डिसेंबरपर्यंत वाढते. पण तसे मार्गदर्शक संस्थेच्या चिटणीसांनी, म्हणजे मी, प्रोफेसरांना लिहावे लागते. विद्यार्थ्याने लिहिलेले चालत नाही. मेअखेरच्या आत कळायला हवे.

"चारच ओळी, बाई. जीन मेमध्ये बंद असते, आणि महिना समाजाने ठरवला होता. एवढंच."

अर्थात लिहीन म्हटले. त्यात काय अवघड आहे? सत्याला मी कधी भ्याले नाही.

उद्या सकाळी, ताज्या डोक्याने.

८ मे

लिहायला बसले. संदर्भ दिल्याशिवाय नुसत्या चार ओळी उद्धट दिसतात म्हणून आधी भगिनी समाजाचा थोडक्यात इतिहास लिहिला. तो १९२४ पर्यंत आला. उत्तम उतरला आहे. जीनपर्यंत पोचता आले नाही.

९ मे

फार ऊन.

१० मे

वावटळ. टेबलावर धूळ. अशा स्थितीत लिहिणे म्हणजे वाचणाऱ्याचा अवमान.

११ मे

'महिना समाजाने ठरवला होता' हे वाक्य अचूक नाही. समाजाची त्यावर सभा झालीच नव्हती. 'महिना ठरवला गेला' हे अधिक योग्य. पण मग कोणी ठरवला, असा प्रश्न प्रोफेसर विचारतील. विचार चालू आहे.

कुसुमलता मागच्या अंगणात भिकुबाईबरोबर भांडी घासण्याच्या जागी बसलेली सापडली. रागावले. संकल्प क्रमांक तीन मोडला. ती म्हणाली की, मी कामच करते आहे. भांडी घासणे हे तुझे काम नव्हे, असे मी सांगितले.

१३ मे

उपाय सापडला. बायका नाहीत म्हणून अडायचे कारण नाही. समाजाच्या भगिनींनीच प्रश्नावलीची उत्तरे द्यावीत, आपण जीनमध्ये आहोत अशी कल्पना करून. सुशिक्षित बायका, उत्तरे नीट देतील.

सगळ्या कमलबाईंच्या गच्चीवर बिबड्यांभोवती भेटल्या. दिवसातून किती तास उभ्याने काम करता, या प्रश्नाला कमलबाई म्हणाल्या, "सासूबाई होत्या तोवर बसले नाही हो मी." मुकादम त्रास देतो का, यावर सगळ्या एकमेकींकडे पाहून हसल्या आणि हसतच राहिल्या. सुगंधाबाईंनी तर नावानिशी उत्तर दिले. ते नाव त्यांच्या यजमानांचे होते.

कुसुमलतेने एकही उत्तर उतरवून घेतले नाही. वाटेत म्हणाली की, बाई, हे खोटे होईल. तत्त्वनिष्ठा चांगली, पण वयाच्या मानाने अधिक.

पत्र उद्या.

१५ मे

पत्राची गरजच उरली नाही. प्रोफेसर बिवलकर उद्या मेलने नागपूरला जाताहेत. जळगाव स्टेशनवर भेटा असे कळवले आहे. समक्ष सांगणे केव्हाही श्रेष्ठ. कागदावर गैरसमज होतात.

सांगायचे वाक्य ठरवले: 'प्रोफेसर, मे ही माझी चूक.' पाच शब्द. आरशासमोर म्हणून पाहिले. स्वच्छ उच्चार.

१६ मे. स्टेशनवरून परत.

प्रोफेसर खिडकीत होते. मी बिबड्यांचा डबा दिला. कुसुमलता शेजारी उभी होती.

ते म्हणाले की, लेलेबाई, सगळीकडे आमची योजना रखडते, तुमच्या एका ठिकाणाविषयी मी निर्धास्त आहे. विद्यापीठाच्या सिंडिकेटच्या लोकांना तुमचेच उदाहरण देतो. मग विचारले, कसे चालले आहे?

मी म्हटले, उत्तम.

हा शब्द आपोआप आला. त्यानंतर मी खरे सांगणारच होते, पण त्यांनी बिबडे कसे तळायचे ते विचारले. कोणी प्रश्न विचारला तर उत्तर देणे भाग असते. तेल किती तापवायचे इथपर्यंत आले आणि शिटी झाली.

कुसुमलता गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिकडे पाहत होती. टांग्यात मी म्हटले की, गर्दीत अशा गोष्टी बोलता येत नाहीत. ती म्हणाली, "प्लॅटफॉर्मवर आपण तिघंच होतो, बाई."

हमालही होते.

१८ मे

आता पत्र लिहिणे अधिक अवघड झाले आहे, कारण 'उत्तम' म्हणून झाले. आधी त्याचे स्पष्टीकरण द्यावे लागेल. प्रोफेसरांनी अशा जागी विचारायला नको होते.

डोके दुखते. सुंठ लावली.

२१ मे

आज धक्का बसला. भिकुबाई जीनमध्ये काम करते.

मागच्या दाराशी दोघींचे बोलणे कानावर आले. दिवाळीपासून चैत्रापर्यंत ती लालचंद सेठांच्या जीनमध्ये यंत्रात कापूस घालते. सगळा हिवाळा. मी म्हटले, मग मला का नाही सांगितलेस? ती म्हणाली, "सांगेल शे ना बाई. दर साल सांगस मी, कामवर व्हतू म्हनीसन."

कामावर म्हणाली होती. जीन म्हणाली नव्हती.

कुसुमलतेने तिच्याकडून बरेच काही ऐकून घेतले आहे. भिकुबाईचे पोर तान्हे होते तेव्हा ती ते कापसाच्या ढिगावर निजवीत असे. नाकातोंडात तंतू जात. रडू नये म्हणून अफूची गोळी. एकदा ते दिवसभर उठलेच नाही. संध्याकाळी उठले, असे भिकुबाईने सांगितले आणि राख घेऊन पातेले घासू लागली.

मी तिथून उठून आत आले. मला काम होते.

कुसुमलता मागाहून येऊन म्हणाली की, एका बाईवर निबंध होत नाही, पण भिकुबाई म्हणते दिवाळीनंतर सगळ्या बायकांना गोळा करून आणीन, त्या माझ्याशी बोलतील. बाई, फक्त डिसेंबरपर्यंत मुदत हवी.

लिहिते म्हटले. आजच लिहिते म्हटले.

२२ मे

लिहिले. पूर्ण चार ओळी. 'चूक माझी' हे शब्दही घातले.

पाकिटात घालण्यापूर्वी एकदा वाचले. सत्तावीस वर्षांची नोकरी, शाळेतल्या शेकडो मुली, आणि जळगावात राहून कापूस कधी येतो हे ठाऊक नाही. कॉलेजात हे मोठ्याने वाचतील. कारकूनही वाचतील.

अक्षर नीट आले नव्हते. पुन्हा लिहायचे म्हणून फाडले.

२५ मे

हीरालाल सेठ धुळ्याहून आले. गांधी टोपी, बोलणे मऊ. बसल्यावर पाणीसुद्धा मागितले नाही. ते म्हणाले की, चोपड्याचे लोक उत्तर मागतात, चातुर्मास लागायच्या आत लग्न हवे म्हणतात. मी पोरीला शब्द दिला आहे, तिचे काम झाले तर मी त्यांना नाही कळवीन. मला इंग्रजी येत नाही, नियम कळत नाहीत. तुम्ही शिकलेल्या आहात.

"बाई, तुम्ही एक सांगा. पोरीचं काम होईल का?"

कुसुमलता दाराच्या चौकटीला धरून उभी होती. माझ्याकडे पाहत नव्हती. जमिनीकडे पाहत होती.

मी म्हटले, प्रगती समाधानकारक आहे. पुढचे कॉलेजच्या हाती.

यात खोटे काय?  मी आणखी काहीतरी बोलेन असे त्यांना वाटले असावे. मग ते म्हणाले की बरे, आणि टोपी सारखी केली. व्यापारी माणूस, समोरच्याचा होकार ओळखतो. नकारही ओळखत असावा.

२८ मे

पोस्टात जाण्यासाठी निघाले. पत्र लिहिलेले नव्हते, पण तिथे बसून लिहिता आले असते. वाटेत सुगंधाबाई भेटल्या. शेवया करायला घेऊन गेल्या.

३१ मे

कुसुमलता गेली. जाताना पाया पडली. मी म्हटले, मी लिहिणारच आहे, मुदत एखाददुसरा दिवस पुढेमागे होते. ती म्हणाली, "नका लिहू आता, बाई. तुम्हाला फार त्रास होतो."

उद्धटपणा म्हणावा तर चेहऱ्यावर तसे काही नव्हते.

भिकुबाईने तिला कापडात बांधून काहीतरी दिले. बिबडे असावेत. माझ्याच डब्यातले.

२० जून

प्रोफेसरांचे पत्र. कुसुमलतेने एका बाईवर थोडी पाने लिहून पाठवली. लिखाण हृदयस्पर्शी, पण वृत्तीसाठी अपुरे, सबब नामंजूर. एवढेच का, असे विचारता तिने कळवले की महिना ठरवताना चूक झाली. कोणाची, ते लिहिले नाही. प्रोफेसरांनी ती तिचीच धरली आहे. ते लिहितात की, इतक्या निष्काळजी मुलीमुळे आपणास जो मनस्ताप झाला त्याबद्दल क्षमस्व. पुढील वर्षी अधिक दक्ष विद्यार्थिनी पाठवू. सोयीचा महिना कळवावा.

त्यांचा गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सविस्तर लिहीन.

२ जुलै

लाल शाईची कुंकुमपत्रिका. चोपड्याचे स्थळ. पाऊस असल्यामुळे जाता आले नाही. आहेर म्हणून इंग्रजी शब्दकोश पाठवला. उपयोगी वस्तू द्यावी.

प्रोफेसरांना अद्याप लिहिलेले नाही. आता तिला त्याचा उपयोग नाही, आणि निरुपयोगी पत्रव्यवहाराच्या मी विरुद्ध आहे.

८ ऑगस्ट

प्रोफेसरांचे स्मरणपत्र आले. महिना कोणता? अजून विचार करते आहे असे कळवले.

११ नोव्हेंबर. पहाट.

भोंगा.

खिडकीतून पाहिले. रस्ता बायकांनी भरलेला. अंधारात नुसती लुगडी चाललेली, कडेवर पोरे, काखेत भाकरीची फडकी. इतक्या बायका या रस्त्याने जातात हे मला ठाऊक नव्हते. बावीस वर्षे याच घरात आहे.

१३ नोव्हेंबर

संध्याकाळी दार वाजले. भिकुबाई. तिच्यामागे ओसरीभर आणि ओसरीखाली बायका. केसांत कापूस, भुवयांवर कापूस. काहींनी पोरे आणली होती. कोणी बसायला मागेना, लुगड्याचा कापूस ओसरीला लागेल म्हणून उभ्याच.

भिकुबाई म्हणाली, "बठ्ठ्यास्ले लई उनू, बाई. ती पोर कोठे शे?" कबूल केल्याप्रमाणे सगळ्यांना घेऊन आली होती.

प्रश्नावली कपाटात होती. काढता आली असती. मीसुद्धा पदवीधर आहे.

मी म्हटले की, ती इथे नाही. कधी येणार, असे मागून एकीने विचारले. तिच्या कडेवरचे मूल खोकत होते. सांगता येत नाही, म्हटले.  मग एकेक जणी उतरून गेल्या. भिकुबाई शेवटी गेली. जाताना ओसरीवर पडलेला कापूस तिने पदराने पुसून घेतला.

१४ नोव्हेंबर. पहाट.

भोंगा. आज तो अधिक जवळून आल्यासारखा वाटला. असह्य.

मार्चपर्यंत थांबणे शक्य नाही. म्युनिसिपालिटीला अर्ज लिहायला घेतला. एका बैठकीत पूर्ण झाला. अक्षर उत्तम आले. लगेच पोस्टात टाकला.